परदेशी नोकरी, गावाकडचे घर
निवृत्तीनंतर परतायचे म्हणून अनेक अनिवासी भारतीय पुण्या-नाशकात सदनिका घेतात आणि तोवर ती भाड्याने देतात. ‘फेमा’ म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याने त्यांना घर घेता येते. शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. भाडे एनआरओ खात्यात, म्हणजे अनिवासींच्या भारतातील उत्पन्नासाठीच्या बँक खात्यात, जमा होते. त्यातून ३० टक्के कर आणि वर उपकर कापून भरणे ही भाडेकरूची जबाबदारी. ती अनेकांना ठाऊकच नसते. खरी जोखीम मात्र कराराची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी घरमालकाने करायची असते. ती नसेल, तर वादात भाडेकरूने सांगितलेल्या अटी खोट्या ठरेपर्यंत ग्राह्य धरल्या जातात. हजारो मैलांवरून त्या खोडून काढणे फार कठीण. विश्वासू नातेवाइकाला कुलमुखत्यारपत्र द्यावे, करार आधी नोंदवावा आणि मगच किल्ली द्यावी.