पहिला एअरब्रश घेताना



श्रावणी अमावास्येचा पोळा आणि गणेश चतुर्थी यांच्यामध्ये जेमतेम चार दिवस जातात, आणि पाठोपाठ महालक्ष्म्या येतात. एवढ्या आठवडा-पंधरवड्यात मातीचे बैल, गणपती आणि मुखवटे या सगळ्यांना रंग लागतो. रायगड जिल्ह्यातील पेण आणि हमरापूर येथून न रंगवलेल्या कच्च्या मूर्ती बाहेरगावी जातात व तेथे रंगवून विकल्या जातात. खरीप पावसाच्या भरवशावर आणि रोजचा पैसा दूध-खव्यावर, अशा आपल्या भूम तालुक्यात एखाद्या मुलाने किंवा मुलीने हे काम घरी करावेसे म्हटले तर ते वावगे नाही. मात्र पहिली मागणी असते ती एअरब्रशची, आणि बापाला प्रश्न पडतो की हे नेमके काय आणि किती पैसे घालायचे. म्हणून आज अळी आणि तण बाजूला ठेवून या विषयावर लिहितो.

एअरब्रश म्हणजे पेनाएवढा फवारणी पंपच समजा. फरक इतकाच की आपल्या पाठीवरच्या पंपात द्रावणावर दाब असतो, इथे दाब हवेवर असतो. ती हवा नोझलच्या तोंडाशी जोरात निघते, रंगाला ओढून घेते आणि त्याचे धुके करते. नोझलच्या आत एक सुई असते. ती मागे सरकली की जास्त रंग, पुढे गेली की बंद. साध्या प्रकारात बटण दाबले की हवा व रंग एकदमच येतात आणि रंगाचे प्रमाण मागच्या स्क्रूने आधी ठरवावे लागते. दुहेरी प्रकारात बटण खाली दाबले की हवा आणि मागे ओढले की रंग. पहिल्यापासून दुहेरीच घ्यावा, असे माझे मत आहे. हात बसायला आठ-पंधरा दिवस जादा लागतात, पण गालावरची आणि पीतांबराच्या चुणीतली छटा यानेच साधते. हवा आधी सुरू करायची, आणि थांबताना रंग आधी बंद करायचा, एवढा नियम पाळला म्हणजे मूर्तीवर ठिपके उडत नाहीत.

रंगाची वाटी वर असलेला घ्या. त्यात रंग आपल्या वजनाने उतरतो, थोड्या रंगात व कमी दाबात काम होते. खाली बाटली लटकणारा प्रकार मोठ्या मूर्तींचे अंग एकाच रंगाने भरायला ठीक. नोझल 0.3 मिलिमीटरचे असावे. 0.2 चे बारीक काम सुंदर होते, पण नवशिक्याच्या हातात ते घडीघडी तुंबते. पुढे काम वाढले तर अंगरंगासाठी 0.5 चा दुसरा घेता येईल.

खरा पैसा कॉम्प्रेसरवर घालावा. ब्रश साधा असला तरी चालेल, पण हवा एकसारखी हवी. टाकी असलेला, दाब कमी-जास्त करण्याची चावी आणि पाणी अडवणारी गाळणी असलेला छोटा कॉम्प्रेसर घरच्या विजेवर चालतो. टाकीमुळे हवेचे हिसके बसत नाहीत. गाळणीचे महत्त्व आपल्याकडे जास्त, कारण हे काम भर पावसाळ्यातले. दमट हवा दाबली की तिचे पाणी होते आणि नेमके मूर्तीच्या कपाळावर थेंब पडतो. हातात मावणारे, बॅटरीवरचे स्वस्त संच मिळतात. त्यांचा दाब कमी असतो आणि बॅटरी कामाच्या मध्येच उतरते. माझ्या मते ते खेळणेच. जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरचा जुगाड काही जण करतात. त्यातून हवेबरोबर तेल येते, आणि दाब वाढल्यावर सुटणारा व्हॉल्व्ह नसेल तर टाकी घरात ठेवणे धोक्याचे आहे. दाब दर चौरस इंचाला 15 ते 20 पौंड पुरे, म्हणजे साधारण ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात भरतो तेवढाच.

रंग पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक घ्यावा. शाळेतला पोस्टर कलर स्वस्त खरा, पण वाळल्यावरही ओल्या बोटाला सुटतो. ट्यूबमधला ॲक्रिलिक दाट असतो, तो पातळ करावाच लागतो. किती पातळ? डेअरीला घालतो त्या दुधाइतका. वाटीच्या कडेला लावला तर दुधासारखी पातळ साय धरून खाली ओघळला पाहिजे. खव्याकडे झुकलेला रंग नोझल तुंबवतो, आणि ताकाच्या निवळीसारखा झाला तर मूर्तीवरून वाहतो. पातळ केल्यावर बारीक कापडातून गाळून घ्या. ब्रश अर्धी वीत दूर धरून तीन-चार पातळ हात द्या. एकच जाड हात दिला की ओघळ आलाच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2020 सालच्या सुधारित सूचनांतही मूर्तीला पाण्यातले, बिनविषारी, नैसर्गिक रंग वापरावेत असेच म्हटले आहे. मूर्ती शेवटी आपल्याच विहिरी-तलावात जाते.

थिनरचे रंग लवकर वाळतात, चमकतातही. पण त्यांची वाफ पेट घेते आणि छातीत जाते. स्वयंपाक होतो त्या खोलीत ते अजिबात फवारू नयेत. थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत थिनर भरून ठेवण्याची सवय काही घरांत दिसते. कीटकनाशकाच्या बाबतीत या सवयीने काय होते ते मी पुन्हा सांगायला नको. पाण्याचा रंग असला तरी धुके फुप्फुसात जातेच, म्हणून धूळ अडवणारा चांगला मास्क लावा व खिडकीशी बसा. थिनरसाठी कोळशाच्या डबीचा मास्क लागतो. तोंडाला बांधलेला गमछा फवारणीत उपयोगी नाही, तसा इथेही नाही.

काही मुलांना प्लॅस्टिकचे जोडून करायचे ट्रॅक्टर-विमानांचे संच रंगवायचे असतात. हाच ब्रश चालतो. आधी भाग साबणाने धुऊन वाळवा, कारण साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. मग अस्तराचा एक पातळ हात द्या. कडक थिनर मात्र या प्लॅस्टिकला चक्क विरघळवतो.

सराव रद्दी वर्तमानपत्रावर, मग फुटक्या मडक्यावर करावा. ठिपका, रेघ, आणि गडद ते फिकट छटा, एवढ्या तीन गोष्टी जमल्या की पोळ्याचा बैल हाती घ्या. डोळ्यांची आखणी मात्र ब्रशच्या फवाऱ्याने होत नाही. ती केसांच्या बारीक कुंचल्यानेच करतात, आणि पेणमध्ये आखणी करणाऱ्या हाताला मान असतो. घरात रांगोळीत हात बसलेली लेक किंवा सून असेल तर हे काम तिच्याकडे द्यावे.

पैशाचे म्हणाल तर पीककर्जाला यासाठी हात लावू नका. पहिल्या वर्षी पाच-पंचवीस बैल आणि शेजारपाजारचे रंग उडालेले मुखवटे घ्या. ते विकून-रंगवून हातात काय उरले ते वहीत लिहा, आणि मगच कच्च्या मूर्तींची गाडी मागवा. बचत गटातल्या चार घरांनी मिळून एक कॉम्प्रेसर घेतला तरी भागते, ब्रश मात्र प्रत्येकाचा वेगळा असावा, कारण दुसऱ्याचा ब्रश कोणी नीट धूत नाही.

धुण्याचेच सांगायचे राहिले. रंग बदलताना पाणी मारून घ्यावे. काम संपल्यावर सुई हलक्या हाताने मागून काढून पुसावी, वाटी व नोझल धुवावे. तुंबलेल्या नोझलमध्ये टाचणी किंवा बाभळीचा काटा खुपसू नका, तोंड फाकले की फवारा वाकडाच जातो. कोमट पाण्यात भिजत ठेवा. आणि ब्रश मागवताना एक जादा सुई व एक जादा नोझल त्याच वेळी मागवा. सुईचे टोक वाकते ते हमखास पोळ्याच्या आदल्या रात्री, आणि पार्सल येईपर्यंत गणपती बसलेले असतात.