बाजाराचा पुनर्विकास : हमी पाडकामापूर्वीच हवी

जुना बाजार पाडून त्या जागी टोलेजंग संकुल उभारण्याचा प्रस्ताव मुंबई-पुण्याच्या नागरिकांना नवा नाही. असा प्रस्ताव आला की गाळेधारकांना आपल्या धंद्याची आणि रहिवाशांना वाढत्या भाड्याची चिंता सतावू लागते. ही चिंता केवळ आपल्याकडचीच आहे, असेही नाही. दक्षिण लंडनमधील ‘एलिफंट अँड कॅसल’ या व्यापारी संकुलाच्या पुनर्विकासावरून उसळलेला वाद अनेक वर्षे चालला. ते संकुल आता जमीनदोस्त झाले असले, तरी त्या वादातून मिळालेला धडा येथील शहरांनाही उपयुक्त आहे.

१९६५ मध्ये सुरू झालेले हे संकुल देखणे म्हणून कधीच नावाजले गेले नाही. तथापि, कमी भाड्यामुळे तेथे छोट्या व्यावसायिकांचा जम बसला. लॅटिन अमेरिकेतून आलेल्या स्थलांतरितांची उपाहारगृहे व दुकाने, इमारतीभोवतीच्या खोलगट मोकळ्या जागेतील विक्रेत्यांचे ठेले आणि वयोवृद्धांच्या भेटीगाठींचे ठिकाण ठरलेले बिंगोगृह यांमुळे संकुलाला बाजारापलीकडचे स्थान लाभले होते. ‘डिलान्सी’ या विकासक कंपनीने २०१३ मध्ये ते विकत घेतले. या जागेवर ९७९ घरे, नवी दुकाने, भुयारी रेल्वेच्या नॉर्दर्न लाइनसाठी नवे स्थानक प्रवेशद्वार आणि कला विद्यापीठाच्या महाविद्यालयाची नवी वास्तू उभारण्याची योजना पुढे आली.

योजनेतील सोयींना फारसा कोणाचा आक्षेप नव्हता. आक्षेप होता तो त्या सोयींचा लाभ कोणाला मिळणार, यावर. ९७९ घरांपैकी सामान्य उत्पन्नाच्या कुटुंबांना परवडतील अशी, ‘सोशल रेंट’ प्रकारातील घरे प्रारंभी अवघी ३३ होती. ‘परवडणारी घरे’ हा शब्दप्रयोग कागदोपत्री मोठा दिसतो. परंतु ब्रिटनमध्ये बाजारभावाच्या ८० टक्क्यांपर्यंत भाडे असलेले घरही त्या व्याख्येत बसू शकते. लंडनसारख्या महागड्या शहरात अशा घराचे भाडे सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर जाते. म्हणूनच ‘परवडणारी’ घरे एकूण किती, यापेक्षा त्यांतील ‘सोशल रेंट’ची किती, हा प्रश्न रहिवाशांनी लावून धरला.

या संशयामागे ताजा अनुभवही होता. संकुलाशेजारील ‘हेगेट’ ही सुमारे १२०० घरांची पालिकेची वसाहत रिकामी करून २०११ ते २०१४ या काळात पाडण्यात आली. त्या जागी उभ्या राहिलेल्या प्रकल्पात ‘सोशल रेंट’ची घरे केवळ ८२ ठरविण्यात आली. एकदा इमारत पडली की वाटाघाटीचे बळही संपते, हे परिसरातील लोकांनी प्रत्यक्ष पाहिले होते.

साहजिकच, विरोध परवानगीच्या टप्प्यावरच एकवटला. व्यापारी, रहिवासी व विद्यार्थी एकत्र आले. जानेवारी २०१८ मध्ये सदर्क पालिकेच्या नियोजन समितीतील बहुमत प्रस्तावाच्या विरोधात गेले. विकासकाने सुधारित प्रस्ताव सादर केल्यानंतर जुलै २०१८ मध्ये तो निसटत्या बहुमताने संमत झाला. ‘सोशल रेंट’च्या घरांची संख्या तोपर्यंत ११६ वर पोहोचली होती. एकूण घरांच्या तुलनेत हे प्रमाण जेमतेम १२ टक्के असले, तरी मूळ आकड्याच्या साडेतीन पट होते. त्यानंतरची न्यायालयीन लढाई मात्र आंदोलकांना जिंकता आली नाही. उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये, तर अपील न्यायालयाने मे २०२१ मध्ये त्यांच्या विरोधात निर्णय दिला.

दरम्यान, २४ सप्टेंबर २०२० रोजी संकुलाला टाळे लागले आणि पुढच्याच वर्षी पाडकाम सुरू झाले. काही व्यापाऱ्यांसाठी जवळच तात्पुरती बाजारपेठ उभारण्यात आली. परंतु दुकानाची जागा बदलता येते, तसे ठरलेले गिऱ्हाईक उचलून नेता येत नाही. बांधकामाची वर्षे तग धरू न शकलेल्या दुकानदाराला नव्या इमारतीतील गाळ्याच्या आश्वासनाचा उपयोग तो काय?

महाराष्ट्रातील परिस्थितीत एक महत्त्वाचा फरक आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या पुनर्विकासासाठी २०१९ च्या शासन निर्णयानुसार ५१ टक्के सभासदांची संमती लागते. लंडनच्या प्रकरणात निर्णय नगरसेवकांच्या समितीच्या हाती होता. मात्र, संमती सभासदाची मोजली जाते. भाड्याच्या गाळ्यात वीस वर्षे धंदा करणारा दुकानदार, दारातील भाजीवाली किंवा ‘लीव्ह अँड लायसन्स’वर राहणारे कुटुंब त्या मोजणीत येत नाही.

हेगेट आणि व्यापारी संकुल या दोन्ही प्रकरणांतून एकच बाब स्पष्ट होते. रहिवाशांच्या पदरात जे पडले, ते परवानगी मिळण्यापूर्वीच्या दबावामुळे पडले. नंतरच्या लढ्यातून त्यात भर पडली नाही. त्यामुळे संक्रमणकाळातील पर्यायी जागा, परतीच्या गाळ्याचे भाडे आणि परवडणाऱ्या घरांची नेमकी व्याख्या या तिन्ही बाबी मंजुरीच्या अटींतच लेखी स्वरूपात असणे आवश्यक आहे. अन्यथा बाजार नवा होईल, पण ज्यांनी तो वसवला तेच तेथे नसतील.