टिटवीला तिचा लाल परत द्या

संग्रहालयातली टिटवी बघवत नाही. पिसं जागच्या जागी, उभं राहण्याची ढबही बरोबर. पण डोळ्यापुढची मांसल पाळ लोखंडी गेटला मारतात तशा ऑइलपेंटनं लालभडक केलेली. पाय पिवळेधमक, नखांसकट! मी चित्रकार आहे. वन विभागाच्या परवानगीनं होणाऱ्या टॅक्सिडर्मीच्या कामात चोची, पाय आणि नाकं रंगवतो. आपल्याकडे साच्यावर कातडं चढवणाऱ्या हाताला मान आहे, तो रास्तच; रंग मात्र शेवटच्या दिवशी उरकायचं काम समजलं जातं. हे मला मान्य नाही.

पिसांना ब्रश लावूच नये. खंड्याच्या पाठीचा निळा रंगद्रव्याचा नसतो. पिसाच्या सूक्ष्म रचनेत उजेड विखुरतो म्हणून तो दिसतो. तो टिकतोही आणि कुठलीही ट्यूब त्याच्या जवळपास जात नाही. उडतो तो उघड्या कातडीचा रंग. टिटवीची पाळ जिवंतपणी रसरशीत असते. मेल्यावर ती आक्रसून काळपट पडते. तिच्यावर ट्यूबमधला जाड लाल थापला की ती प्लॅस्टिकची दिसते. मी आधी फिकट गुलाबी-पिवळसर थर देतो, तो वाळला की वर अलिझरिन क्रिमसनचे अगदी पातळ हात, एकावर एक, खालचा थर दिसत राहील असे. चकाकी फक्त जिथं मुळात ओल असते तिथं: गव्याच्या नाकपुड्या, डोळ्याचा कोपरा. चोचीवर व्हार्निश चढलं की सगळं मुसळ केरात.

महाधनेशाची गोष्ट तर आणखी वेगळी. त्याच्या शिरस्त्राणावरचा पिवळा शेपटीजवळच्या तेलग्रंथीतला. पक्षी तो स्वतः चोळून लावतो. म्हणजे तो कुठं दाट, कुठं पुसट असणार. एअरब्रशनं सपाट पिवळा फवारणाऱ्यानं जिवंत महाधनेश नीट पाहिलेलाच नसतो. मी तिथं रंग चिंधीनं घासून लावतो.

फोटो पाहून रंगवा, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. पण फोटो कुठल्या ऋतूतला? मोठ्या बगळ्याची चोच एरवी पिवळी, विणीच्या हंगामात काळी. पाठीवर विणीची झालरदार पिसं आणि चोच पिवळीजर्द, असा बगळा मी काचेआड पाहिला आहे. सालिम अली आणि रिप्ली यांच्या दहा खंडांच्या हँडबुकात डोळे, चोच, पाय यांच्या रंगांची वेगळी नोंद असते. हे रंग मेल्यावर टिकत नाहीत, म्हणून ते तिथल्या तिथं लिहून ठेवायची शिस्त जुन्या संग्राहकांनी पाळली. ती आपण सोडून का दिली?

न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीनं उत्तर अमेरिकेतल्या सस्तन प्राण्यांचं दालन दुरुस्त करून २०१२ मध्ये पुन्हा उघडलं. उजेडानं विटलेल्या केसांवर तिथं रंगाचे थर दिले नाहीत. केस मोकळेच राहतील अशी पातळ रंजकं वापरली. आपल्याकडे मात्र विटलेल्या वाघाच्या पट्ट्यांवर काळा रंग फिरवला जातो आणि केसांच्या गुठळ्या होतात. वाघाला मांजरासारख्या उभ्या बाहुलीचे काचेचे डोळे बसवलेलेही मी पाहिले आहेत. वाघाची बाहुली गोल असते, हो!

शहरातल्या किती मुलांना महाधनेश पहिल्यांदा भेटतो तो काचेआडच. त्यांना खोटा रंग दाखवण्याचा आपल्याला काय अधिकार?

प्राणिसंग्रहालयांना आणि वन्यजीव उपचार केंद्रांना माझी विनंती आहे. प्राणी दगावला आणि तो जतन करायचा ठरला, की डीप फ्रीजरमध्ये ठेवण्याआधी शेजारी रंगपट्टी धरून, दिवसाच्या उजेडात त्याचे डोळे, चोच, पाय यांचे फोटो घ्या. जवळपासच्या एखाद्या चित्रकाराला बोलावून तेच रंग कागदावर उतरवून घ्या. तारीख आणि नर की मादी हे त्यावर लिहा, आणि तो कागद कातड्याबरोबरच पुढे पाठवा. वाचकहो, तुम्हीही संग्रहालयात गेलात आणि लालभडक टिटवी दिसली, तर अभिप्रायाच्या वहीत तेवढं स्पष्ट लिहून या.