काडी दुसऱ्याच्या हातात, पाप कुणाच्या खात्यात?



कार्तिकी पौर्णिमा झाली, महासतीजींचा विहार झाला, की नाशिकच्या आपल्या वसाहतींत एक ठरलेलं काम निघतं. बंगल्याशेजारचा मोकळा प्लॉट, स्थानकामागची संघाची जागा, सोसायटीचा पडीक कोपरा. पावसाळाभर तिथे गवत कमरेएवढं वाढलेलं असतं. मग माणूस बोलावतात. तो पाठीवर पंप अडकवून तणनाशक मारतो, पंधरा दिवसांत सगळं पिवळं पडलं की काडी लावतो. एका दुपारी जागा स्वच्छ! धूर येऊ नये म्हणून आपण खिडक्या लावून घेतो आणि संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसतो.

आमच्या महिला मंडळात मी याविरुद्ध बोलले, तेव्हा दोन उत्तरं मिळाली. एक, "अहो काकी, आपण कुठे काय केलं? माणसाने केलं." दुसरं, "आपण जैनांच्या बायका. हातात विळा घेऊन मातीत बसायचं? केवढा आरंभ होईल!" दोन्ही उत्तरं मला पटत नाहीत.

श्रावकाचं पहिलं अणुव्रत आपण कसं घेतो, ते आठवा. दोन करण, तीन योग. म्हणजे मनाने, वचनाने, कायेने करायचं नाही आणि करवायचंही नाही. गृहस्थाला सूट आहे ती अनुमोदनेची, करविण्याची नाही. मजुरी ठरवून, पैसे हातावर ठेवून, "कडेचं पण जाळ रे" असं सांगून जे होतं, त्याला करविणं नाही तर काय म्हणायचं? मी कॉमर्सची पदवीधर. दुसऱ्याच्या नावाने व्हाउचर फाडलं म्हणून खर्च आपल्या वहीतून जात नाही, एवढं मला कळतं.

आता त्या आगीत कोण कोण असतं ते मोजू. गवत एकेंद्रिय. त्याच्या बुडाशी गोगलगाय आणि गांडूळ, बेइंद्रिय. मुंग्या तेइंद्रिय. भुंगे, विंचू, कोळी चौरिंद्रिय. सरडा, बेडूक, कधी धामण, तर कधी उघड्यावर घातलेली टिटवीची अंडी, ही पंचेंद्रिय. पालेभाजी निवडताना एक अळी दिसली तर आपण पान हळूच बाजूला ठेवतो. त्याच बायका अडीच गुंठे पेटवायला हो म्हणतात.

बरं, एवढं करून तण जातं का? हराळीची मुळं आणि लव्हाळ्याच्या गाठी मातीखाली सुरक्षित राहतात आणि पहिल्या पावसात वर येतात. घाणेरी जळाल्यावर बुडातून पुन्हा फुटते. म्हणजे हिंसा झाली ती झालीच, शिवाय फुकट. आपल्याकडे याला अनर्थदंड हा शब्द आहे.

विषाचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेट हे तणनाशक माणसात बहुधा कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात टाकलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून ते फक्त पेस्ट कंट्रोल करणाऱ्यांमार्फतच वापरावं असं बंधन घातलं. आपल्याकडे येणारा माणूस अनवाणी असतो, तोंडाला गमछा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. ती कीटकनाशकं होती, हे तणनाशक आहे, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. पंप पाठीवर घेणारा माणूस मात्र त्याच परिस्थितीतला असतो, आणि तोही पंचेंद्रिय जीवच आहे.

दुसरं उत्तर जास्त गंभीर आहे, कारण ते धर्माच्या नावाने दिलं जातं. पंधरा कर्मादानांत फोडीकर्म येतं, जमीन फोडण्याचा धंदा, म्हणून मातीला हात नको, असं म्हणतात. पण त्याच यादीत दवाग्नी, म्हणजे रान पेटवणं, आणि विषाचा व्यापारही आहे. यादी आपण रोज म्हणतो. मग विळा तेवढा लक्षात राहतो आणि काडी कशी विसरली जाते? उपासकदशांगातल्या आनंद श्रावकाने परिग्रहाची मर्यादा केली तेव्हा पाचशे नांगरांची जमीन ठेवली होती, आणि तो आदर्श श्रावक. असि, मसि, कृषि शिकवणाऱ्या ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती आपल्याच जिल्ह्यात मांगीतुंगीला २०१६ पासून उभी आहे. सांगली-कोल्हापूरकडचे आपले दिगंबर बांधव तर पिढ्यान्पिढ्या शेतकरी. त्यांना कुणी कमी जैन म्हणून दाखवावं. व्यापार आपल्या वाट्याला आला म्हणून मातीला हात लावणं पाप, हे आपण आपल्या सोयीने ठरवलेलं आहे.

मग करायचं काय? जयणेने, हाताने. आम्ही चौघींनी गेल्या हिवाळ्यात अशी दोन गुंठे जागा साफ केली. चौघींनी त्याआधी कुंडीपलीकडे बागकाम केलेलं नव्हतं, आणि सर्वांत धाकटी छप्पन्न वर्षांची.

सुरुवात मधून करायची आणि कुंपणाकडे सरकायचं, म्हणजे जिवांना बाहेर जायला वाट राहते. कडेने गोल कापत आत गेलं की ते मध्ये कोंडले जातात. दिवसाला खाटेएवढा तुकडा, जास्त नाही. आधी काठीने गवत हलवायचं, थोडं थांबायचं, मग विळा. बुडाशी पुंजणीसारखा मऊ झाडू फिरवायचा. सकाळी ऊन चढल्यावरच, दव असताना नाही. उपटून किंवा खणून काढायचं कमीत कमी. कापलेलं वाळकं गवत तिथेच जाड पसरलं की खालच्या बियांना उजेड मिळत नाही आणि बरंचसं तण उगवतच नाही. घाणेरीला मात्र मुळाशी जावं लागतं. वरून छाटली तर चौपट फुटते. खोडाच्या बुडाशी मातीत दोन-तीन बोटं खाली कापली तर सहसा येत नाही. लव्हाळा खणू नये, गाठी तुटून पसरतात. (कंदमूळ न खाणाऱ्यांच्या जमिनीत एवढे कंद, याचं आम्हाला फार हसू आलं.)

गाजर गवताला हातमोजे आणि तोंडाला फडकं हवंच. अंगाला खाज सुटते, दम्याच्या माणसाला त्रास होतो. पुण्यात १९५५ च्या सुमारास ते लक्षात आलं आणि आता देशभर आहे. एक झाड हजारोंनी बी टाकतं, त्यामुळे फुलायच्या आत काढलं तरच उपयोग. इथे आपल्याला चातुर्मास आडवा येतो, कारण ते वाढतं नेमकं तेव्हाच आणि हिरवळीवर पाय द्यायचा नसतो. पण जूनच्या पहिल्या पावसानंतर आषाढी पौर्णिमेपर्यंत बहुतेक वर्षी दोन-तीन आठवडे मिळतात. रोप बोटभर असतं, ओल्या मातीतून चिमटीने निघतं. पाऊस आणि चातुर्मास दोन्ही सांभाळणारी हीच वेळ. आणि पानांची चाळणी झालेली दिसली, वर फिकट अंगावर काळ्या रेघांचे छोटे भुंगेरे दिसले, तर ती झाडं सोडून द्या. हा कीटक मेक्सिकोहून आणून १९८४ मध्ये बंगळुरूच्या बाजूला सोडला होता. पावसाळ्यात तो गाजर गवतच खातो.

हिंसा शून्य झाली का? नाही. गवत कापलं, काही मुंग्या नक्कीच गेल्या, त्याचं मिच्छामि दुक्कडं आम्ही घेतलं. पण आरंभी हिंसा कमीत कमी करणं आणि रान पेटवून द्यायला सांगणं यांत जो फरक आहे, तो "आपण कुठे केलं" म्हणून पुसता येत नाही.

तेव्हा आपापल्या संघाच्या बैठकीत एवढंच मांडा: साफसफाईच्या खर्चात तणनाशक आणि जाळण्याची मजुरी यापुढे मंजूर करू नये. ब्रिटनमध्ये नगरपालिका साधारण अडीच गुंठ्यांचे तुकडे नाममात्र भाड्याने नागरिकांना भाजीपाल्यासाठी देतात. संघाची जागा तशीच, खाटेएवढ्या तुकड्यांत, मंडळातल्या बायकांना वाटून द्यावी. माणूस ठेवायचा असेल तर ठेवा, पण रोजाने, विळ्याच्या कामाला, बूट आणि हातमोजे आपण देऊन. आमच्याकडे चार विळे, सहा जोड हातमोजे आणि दोन मऊ झाडू आहेत. जिच्या संघाला हवे तिने मंडळात निरोप ठेवावा. वैशाखापर्यंत ते रिकामेच आहेत.