हास्याची मात्रा

‘हसा आणि लठ्ठ व्हा’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. स्थौल्य हा आपल्या शास्त्रात निंदित विकार असल्याने या उपदेशाकडे वैद्याने एरवीही जरा जपूनच पाहावे! परंतु विनोद बाजूस ठेवून स्वतःची एक चूक आपणांसमोर मांडू इच्छितो.

डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ साली मुंबईतील एका उद्यानात मूठभर लोकांना घेऊन हास्यक्लब आरंभिला. प्रथम तेथे विनोद सांगत. त्यांचा साठा संपल्यावर श्वसनासह हेतुपुरस्सर हसण्याची पद्धत आली. पुण्यातही ही चळवळ रुजली आणि अनेक एकाकी वृद्धांना तिने सकाळी घराबाहेर काढले, हे तिचे ऋण मान्यच. याच भरात मी मावळातील साठीच्या, वैधव्यानंतर अबोल झालेल्या एका रुग्णेस ‘रोज हास्यवर्गास जा, पोटभर हसा’ असे सांगितले. आठवड्याभरात त्यांनी वर्ग सोडला. पाठोपाठ देवळात जाणेही. कारण सुनेकडून कळले. मोठ्याने हसताना लघवीवरचा ताबा सुटत असे. चार बाळंतपणे झालेल्या बाईंना मी तो प्रश्न विचारलाच नव्हता.

लोणावळ्यास १९२४ साली कैवल्यधाम स्थापणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात निर्माण होणारा ऋणदाब यंत्राने मोजला होता. क्रिया मोजून पाहावी, हा संस्कार तर आमच्या दारचा! हसताना याच्या उलट घडते. उदराचे स्नायू आकुंचन पावतात, आतील दाब वाढतो आणि त्याचा भार दुर्बळ झालेल्या अपानक्षेत्रावर पडतो. अंत्रवृद्धी, योनिभ्रंश, वाढलेले अर्श, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असल्यास हास्ययोगाचे पुरस्कर्ते स्वतःच सावध करतात. वाग्भटांनी अतिहास्यास अतिव्यायाम व जागरणाच्या पंक्तीस बसविले आहे. सुश्रुतांनी अर्दिताच्या हेतूंत हसणे सांगितले आहे. हे सारे मला परीक्षेपुरते पाठ होते.

चरकांनी प्रीणन करणाऱ्या भावांत श्रेष्ठ म्हटले ते हर्षास. हर्ष मनाचा, हास्य ही देहाची क्रिया, म्हणून तिला मात्रा आहे. नाट्यशास्त्राने स्मितापासून अतिहसितापर्यंत हास्याचे सहा प्रकार कल्पिले. आपण मात्र रुग्णास एकदम शेवटचाच लिहून देतो!

औषधालयचालकांनाही विनंती आहे. ‘मनावर ताण आहे, काहीतरी द्या’ म्हणणाऱ्यास हास्यवर्गाचा पत्ता देण्यापूर्वी खोकताना-शिंकताना काही त्रास होतो का, एवढे विचारावे. स्त्रियांना हे दुकानातील भगिनीने विचारल्यास उत्तर लवकर मिळते, असा माझा अनुभव आहे.

त्या बाईंना पुढे मूलबंधाचा अभ्यास दिला. काही महिन्यांनी त्या देवळात जाऊ लागल्या. हास्यवर्गास जात नाहीत. परंतु तांदूळ निवडताना शेजारणीने केलेल्या नकलेवर खूप हसल्याचे परवा त्यांनीच आपण होऊन सांगितले.