गोबरगॅस : अनुदान बांधणीला, मग दुरुस्तीला का नाही?

रेल्वेत आणि टपालात नोकरी करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांचा एक पाय अजून गावात आहे. त्यामुळे गोठ्याचा प्रश्न हा आपल्याही घरचा प्रश्न आहे.

ओले शेण खड्ड्यात साचले की हवेअभावी त्यात मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डाय ऑक्साइडच्या सुमारे २७ पट पृथ्वी तापवतो. तेच शेण बंद टाकीत कुजवले तर वायू चुलीला मिळतो आणि उरलेली मळी शेताला. डब्यांतील जैव-शौचालयांतही हवेविना जगणारे जीवाणूच काम करतात, हे आपल्या डेपोतील कामगारांना सांगायला नको. गुरांच्या रवंथातून निघणारा मिथेन मात्र याने थांबत नाही आणि आपल्याकडे तोच जास्त आहे. तरीही जे हातात आहे ते का सोडावे?

गोबरगॅस आपल्याला नवा नाही. १९८१-८२ मध्ये केंद्राची राष्ट्रीय बायोगॅस योजना आली, २०१८ मध्ये ‘गोबरधन’ आली. तरी गावोगाव बंद पडलेली संयंत्रे दिसतात. लोखंडी टाकी गंजते, नळी गळते, जाणता मिस्त्री मिळत नाही. बांधताना अनुदान मिळते, पुढे कोणी विचारत नाही. इंजिन आणले आणि शेडच बांधली नाही, तर गाडी किती दिवस धावेल? शिवाय गळक्या संयंत्रातून मिथेन हवेतच जातो, म्हणजे मूळ हेतूच बुडाला.

गुजरातमधील आणंद जिल्ह्यात झकारियापुरा गावी राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या पुढाकाराने घरोघरी छोटी संयंत्रे बसली आणि मळीलाही गिऱ्हाईक मिळाले. पाठीशी संस्था असली की काम टिकते.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पहिली, अनुदानाचा ठराविक भाग दुरुस्तीसाठी राखून ठेवावा आणि गावातील तरुणांना मिस्त्रीकाम शिकवून रीतसर वेतन द्यावे. दुसरी, टाकी साफ करायला माणूस आत उतरवू नये. आतला विषारी वायू क्षणात जीव घेतो. २०१३ च्या कायद्याने गटार आणि सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईला बंदी केली, तोच नियम इथेही कडकपणे लावावा. तिसरी, मिथेन रोखल्याबद्दल कार्बन क्रेडिटचा जो पैसा मिळेल, त्यात रोज शेण उचलणाऱ्या बाईचा वाटा असावा.

पर्यावरणाच्या नावाने कंपन्यांना नफा आणि श्रमिकांना घमेले, ही वाटणी आम्हाला मान्य नाही. बंधू-भगिनींनो, सुट्टीत गावी जाल तेव्हा ग्रामसभेत हा प्रश्न जरूर मांडा.