अनवाणी पायांची सोयीस्कर दंतकथा

भारताचा फुटबॉल संघ १९५० साली विश्वचषक खेळण्यासाठी ब्राझीलला गेला नाही, कारण आपले खेळाडू अनवाणी खेळत आणि फिफाने अनवाणी खेळण्यास मनाई केली होती. ही गोष्ट कधीच कानावर न पडलेला सुशिक्षित मराठी माणूस विरळा. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत ती आहे. दर चार वर्षांनी विश्वचषक आला की रविवारच्या पुरवण्यांत ती असते. आणि अलीकडे भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या निरोपांत तर ती तिरंग्याच्या चित्रासह येते. गोष्ट मोठी देखणी आहे. तिच्यात गरिबी आहे, स्वाभिमान आहे, गोऱ्यांच्या नियमपुस्तकाने केलेला अन्याय आहे. ती खरी नाही हे सांगणारे लेख यापूर्वीही पुष्कळ झाले, आणि तरीही ती जिवंत आहे. तेव्हा तिच्या खोटेपणापेक्षा तिच्या उपयुक्ततेकडे पाहावे असे आम्हांस वाटते. गेली ७५ वर्षे ही कथा नेमकी कोणाच्या कामी आली?

आधी घडले काय ते पाहू. त्या विश्वचषकाची पात्रता भारताने मैदानावर कमावलेली नव्हती. ब्रह्मदेश, इंडोनेशिया आणि फिलिपाइन्स यांनी पात्रता फेरीतून अंग काढून घेतले आणि भारत एकही सामना न खेळता पात्र ठरला. सोडतीत गट मिळाला तो स्वीडन, इटली आणि पराग्वे यांचा. प्रवासखर्चाचा मोठा भाग उचलण्याची तयारी ब्राझीलच्या फुटबॉल संघटनेने दाखवली होती. तरीही अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने नकार कळवला. अधिकृत कारणे दोन सांगितली गेली: संघनिवडीवरून झालेले मतभेद आणि सरावाला अपुरा वेळ. बुटांचा उल्लेख या कारणांत नाही. त्या संघाचे नेतृत्व ज्यांच्याकडे आले असते त्या शैलेन मन्ना यांनीही पुढे अनवाणीपणाचे कारण फेटाळले. ऑलिंपिक हेच आमच्या लेखी सर्व काही होते, विश्वचषकाचे मोल आम्हांला ठाऊकच नव्हते, असे त्यांच्या सांगण्याचे तात्पर्य होते.

आणि दंतकथेच्या भक्तांनी कधीतरी हेलसिंकीकडे पाहावे. १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये, म्हणजे त्या तथाकथित मनाईनंतर २ वर्षांनी, भारताचे बरेचसे खेळाडू तेथे अनवाणीच उतरले, आणि युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा फडशा पाडला. १९५० साली ज्या पायांना विश्वचषकाची दारे बंद होती असे सांगतात, त्याच पायांना ऑलिंपिकची दारे उघडी कशी राहिली, याचे उत्तर ही कथा देत नाही. त्या पराभवानंतर बूट सक्तीचे झाले, आणि ती सक्ती कोणा गोऱ्याने केली नाही, आपल्याच महासंघाने केली.

तेव्हा न जाणारे आपण एकटे होतो असेही नाही. स्कॉटलंडला जाण्याचा हक्क मिळाला होता, परंतु ब्रिटिश बेटांतील स्पर्धा जिंकली नाही म्हणून तो संघ गेला नाही. तुर्कस्तान गेला नाही. फ्रान्सला ऐनवेळी आमंत्रण मिळूनही तो गेला नाही. प्रत्यक्षात १३ संघ खेळले, आणि एका गटात तर उरुग्वे आणि बोलिव्हिया असे दोघेच उरले. म्हणजे भारताचा नकार त्या काळाच्या चालीला धरूनच होता. चुकीचा होता, दूरदृष्टीचा अभाव त्यात होता, पण त्यात हुतात्मा होण्यासारखे काही नव्हते. तो एका समितीने, बैठकीत बसून घेतलेला निर्णय होता, आणि त्या समितीत बसलेले सर्वजण बूट घालणारे होते याविषयी आम्हांस शंका नाही.

आता ही दंतकथा इतकी गोड का वाटते, याची मुळे खोल आहेत. १९११ साली कलकत्त्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून आयएफए शील्ड जिंकली तेव्हा ११ पैकी १० खेळाडू अनवाणी होते. पारतंत्र्यातल्या माणसांना त्या विजयाने जे दिले त्याचे मोल आम्ही कमी करणार नाही. पुढे १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये, स्वातंत्र्याला वर्ष व्हायचे असताना, भारत फ्रान्सशी बरोबरीने झुंजला, दोन पेनल्टी वाया घालवल्या आणि अखेरच्या मिनिटांत १-२ असा हरला. कर्णधार तालिमेरेन आओ यांनी बुटांविषयी विचारणाऱ्या पत्रकारांना शाब्दिक कोटी करून दिलेले उत्तर आजही सांगितले जाते. इंग्लंडच्या राजाने मन्नांचे पाय पोलादाचे तर नाहीत ना, हे पाहण्यासाठी विजार वर करायला लावली अशीही एक आख्यायिका आहे. अनवाणी पाय असे पराक्रमाचे चिन्ह झाले, आणि चिन्ह एकदा पवित्र झाले की त्याच्या आड काहीही लपवता येते. १९५० चा नकार त्याच्या आड लपला.

दुसरी दंतकथा सुवर्णकाळाची. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आपण चौथे आलो. मुळचे गोव्याचे आणि मुंबईत खेळणारे नेव्हिल डिसूझा यांनी यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले, भारत ४-२ जिंकला, आणि ऑलिंपिकमध्ये तीन गोलांची अशी कामगिरी करणारे ते पहिले आशियाई ठरले. हे सारे खरे. पण त्या स्पर्धेत मोजके ११ संघ होते, आणि उपांत्य फेरीत युगोस्लाव्हियाने ४-१ व तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत बल्गेरियाने ३-० असे हरवले, हेही तितकेच खरे. १९६४ च्या आशिया चषकातील उपविजेतेपदाची तर याहून विचित्र कथा आहे. इस्रायलमध्ये झालेल्या त्या स्पर्धेत एकूण ४ संघ होते आणि पात्रता गटातील प्रतिस्पर्ध्यांनी माघार घेतल्याने आपण तेथे पोचलो होतो. हे सांगितले की काही मित्रांना राग येतो. अर्धा आकडा सांगून मिळणारा अभिमान आम्हांस नको आहे, एवढेच.

कारण पूर्ण आकडा सांगूनही ज्याची शान कमी होत नाही असा विजय आपल्याकडे आहे, आणि तो जकार्ताचा. १९६२ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत इंडोनेशियाने इस्रायल व तैवान यांना येऊ दिले नाही. त्याविरुद्ध गुरुदत्त सोंधी यांनी आवाज उठवला आणि साऱ्या शहराचा रोष भारतीय पथकावर उलटला. प्रेक्षक राष्ट्रगीताच्या वेळीही हुर्यो उडवीत होते. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० असे हरवले होते. बचावपटू जर्नेलसिंग यांच्या डोक्याला जखम झाली होती, टाके पडले होते. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्यांना घरी पाठवले नाही. मधल्या फळीच्याही पुढे, आघाडीवर आणून उभे केले. अंतिम सामन्यात समोर पुन्हा दक्षिण कोरिया. पी. के. बॅनर्जी आणि तेच जखमी जर्नेलसिंग यांनी गोल केले, भारत २-१ जिंकला. अनवाणी पाय, नियमांचा अन्याय, नशीब यांपैकी काहीही या विजयात नव्हते. एका माणसाने समोरच्या संघाचा विचार केला, आपल्या खेळाडूंचा विचार केला आणि जागा बदलल्या.

हे रहीम हैदराबादचे शिक्षक. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० पासून सलग ५ वेळा मुंबईचा रोव्हर्स चषक नेला, तेव्हा कुपरेजवर ज्यांनी तो खेळ पाहिला ते खरे भाग्यवान. १९६३ च्या जूनमध्ये कर्करोगाने रहीम गेले. आणि येथे आमच्या तक्रारीचे मर्म आहे. एवढा मोठा शिक्षक १९५० ते १९६३ अशी जवळजवळ १३ वर्षे राष्ट्रीय संघासोबत होता, आणि त्याच्यामागे त्याची पद्धत शिकवणारी शाळा उभी राहिली नाही. १९७० च्या बँकॉकमधील कांस्यपदकानंतर आशियाई क्रीडास्पर्धेत फुटबॉलचे पदक आपल्याला मिळालेले नाही. २०२४ साली रहीम यांच्यावर ‘मैदान’ हा चित्रपट निघाला, अजय देवगण त्यात रहीम झाले, प्रेक्षागृहांत डोळे पुसले गेले. त्याच वर्षी जानेवारीत आपला संघ आशिया चषकात खेळत होता.

त्या खेळाचा हिशोब थोडक्यात देतो, कारण लांबवण्यासारखे त्यात काही नाही. १९८४, सिंगापूर: ४ सामने, एकही गोल नाही, इराणशी एक बरोबरी. २०११, दोहा: ऑस्ट्रेलिया, बहरीन व दक्षिण कोरियाकडून मिळून १३ गोल खाल्ले. २०१९: थायलंडवर ४-१ असा खणखणीत विजय, १९६४ नंतरचा या स्पर्धेतील पहिला, मग बहरीनविरुद्ध बरोबरी पुरत असताना भरपाईच्या वेळेत पेनल्टी दिली आणि घरी आलो. २०२४ मध्ये पुन्हा कतार: ऑस्ट्रेलिया २-०, उझबेकिस्तान ३-०, सीरिया १-०. म्हणजे १९८४ साली आपण गोल केला नव्हता आणि ४० वर्षांनंतरही केला नाही.

यानंतर २०२७ च्या सौदी अरेबियातील स्पर्धेची पात्रता फेरी आली. २४ संघांना जागा, गटात हाँगकाँग, सिंगापूर, बांगलादेश. निवृत्त झालेल्या सुनील छेत्री यांना वयाच्या ४०व्या वर्षी परत बोलवावे लागले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर लालियानझुआला छांगटेने भारताला आघाडी मिळवून दिली आणि सिंगापूरने २-१ असा सामना जिंकला. भारत बाहेर. पुढच्या महिन्यात ढाक्याला बांगलादेशाकडूनही हरलो. १९८४ साली सिंगापूर आशिया चषकात होता तो यजमान म्हणून. यावेळी त्या शहरवजा देशाने ही जागा खेळून मिळवली.

असे काही झाले की आपल्याकडे दोन उद्गार हमखास निघतात. पहिला: १४० कोटींतून ११ मिळत नाहीत? हा उद्गार काढणाऱ्याला आपण काही मार्मिक बोललो असे वाटते. लोकसंख्या ही खेळाडूंची कोठी नसते. २०२६ च्या विश्वचषकाला पात्र ठरलेल्या क्युरासाओची लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास (आणि त्यांचे बहुतेक खेळाडू नेदरलँड्समध्ये घडलेले, हेही सांगितले पाहिजे, म्हणजे पुन्हा प्रश्न शाळेचाच आला). त्याच विश्वचषकासाठी आशियाला ८ थेट जागा होत्या आणि उझबेकिस्तान व जॉर्डन प्रथमच पात्र ठरले. दुसरा उद्गार: क्रिकेटने फुटबॉल मारला. कोलकाता, केरळ, गोवा, मणिपूर, मिझोरम येथील गर्दी पाहिलेल्या माणसाने हे म्हणू नये. दोन्ही उद्गारांचे काम अनवाणी पायांच्या कथेसारखेच आहे. दोष लोकसंख्येवर, हवेवर, क्रिकेटवर, फिफावर जातो. ज्यांच्या हाती कारभार होता त्यांच्यापर्यंत तो पोचत नाही.

तो कारभार कोणाच्या हाती होता? १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून जवळजवळ २० वर्षे प्रियरंजन दासमुन्शी अध्यक्ष होते, त्यानंतर आपल्या गोंदियाचे प्रफुल्ल पटेल. साडेतीन दशकांच्या घरात दोन अध्यक्ष, दोघेही राजकारणी. पटेलांची मुदत डिसेंबर २०२० मध्ये संपल्यावरही निवडणूक झाली नाही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती समिती दूर करून प्रशासक नेमले. ऑगस्टमध्ये बाहेरच्यांच्या हस्तक्षेपाचे कारण देऊन फिफाने महासंघाला निलंबित केले, आणि ऑक्टोबरात भारतात व्हायची मुलींची १७ वर्षांखालील विश्वचषक स्पर्धा हातची जाता जाता वाचली. कारभार बदलला, पण २०२५ मध्ये व्यावसायिक हक्कांचा करार संपत आल्याने इंडियन सुपर लीगचा हंगाम ठरल्या वेळी सुरू होऊ शकला नाही. पगाराची शाश्वती नसलेले खेळाडू समाजमाध्यमांवर हात जोडत होते. या तरुणांच्या पायांत उत्तम बूट होते.

मराठी वाचक या साऱ्यात कोठे आहे? तो रात्री जागून माद्रिद आणि मँचेस्टर पाहतो, मेस्सीवर चार पाने लिहितो (आमच्यापैकी काहींनी लिहिली आहेत), आणि भारताचा विषय निघाला की १९५० ची गोष्ट सांगून हळहळतो. ही हळहळ फार स्वस्त आहे. तिच्यासाठी महासंघाची घटना वाचावी लागत नाही, आपल्या जिल्ह्याच्या संघटनेची निवडणूक शेवटची कधी झाली हे विचारावे लागत नाही, १३ वर्षांखालील मुलांना वर्षाला किती सामने मिळतात हे मोजावे लागत नाही. १९५० च्या बैठकीत संघनिवडीवरून कोणाचे कोणाशी बिनसले होते, हे त्या वेळी कोणी धसाला लावून विचारले असते, तर अनवाणी पायांची कथा रचण्याची गरजच पडली नसती.

दरम्यान, २०३१ च्या आशिया चषकाचे यजमानपद मिळावे म्हणून महासंघाने इच्छा कळवली होती. यजमानाला पात्रता फेरी खेळावी लागत नाही.